लेझीमच्या मागे चालणारी गाडी

गुढीपाडव्याच्या शोभायात्रा १९९९ साली डोंबिवलीत सुरू झाल्या. पुढे गिरगावात ढोल-ताशांच्या मागे झेंडूच्या माळा घातलेल्या जुन्या मोटारीही दिसू लागल्या. बघणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्या गाडीला सावकाश चालणं सोपं. पण तिचा जीव तिथंच जातो.

रेडिएटरचं पाणी वाऱ्याने निवतं. पळत्या गाडीला वारा फुकट मिळतो, रेंगाळणाऱ्या गाडीला तो पंख्याने ओढावा लागतो. जुन्या गाडीत पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंद तर पंखाही मंद. त्यात चैत्राचं ऊन. पाणी उकळायच्या आधीच कित्येकदा पेट्रोल दगा देतं. पेट्रोलचा पंप इंजिनला चिकटलेला असतो. तो तापला की नळीतच वाफ धरते, पंप नुसती वाफ ओढत बसतो, कार्बोरेटर कोरडा पडतो आणि गाडी ऐन चौकात बंद. यावर उपाय ओल्या फडक्याचा: पंपाला गुंडाळायचं, वाळलं की पुन्हा पाणी मारायचं. पाणी उडताना उष्णता नेतं, माठासारखंच. तापल्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नये, हात भाजतो.

तिसरं दुखणं क्लचचं. पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर न देताही, गाडी ताशी सहा-आठ किलोमीटर जाते. लेझीम चालते दोन-तीनने. मग सारा रस्ता हाफ क्लच, आणि प्लेट जळाल्याचा वास.

आमच्या येडशी गावाकडे असल्या दिमाखदार मोटारी कुठल्या? पण जवळच येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेला येडेश्वरी देवीची यात्रा भरते, आणि त्या गर्दीत जुनी विलीज जीप मोटारींपेक्षा शहाणी ठरते. तिला 'लो'चा वेगळा दांडा असतो. तो टाकला की वेग अडीच पटींनी उतरतो. क्लच न दाबता जीप माणसाच्या पावलाने चालते, इंजिनही जरा जोरात फिरतं, म्हणून पंखाही.

नंबरपाटीचं म्हणाल तर, पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी 'व्हीए' अक्षरांचा नंबर ठेवला. त्यावर रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती चालते, भाड्याची वडाप नाही.

जीपच्या 'लो'ची मात्र एक खोड आहे. त्यात पुढची चाकंही जोडली जातात, त्यामुळे डांबरावर तीव्र वळणाला जीप अडते. तेवढ्यापुरतं 'हाय'वर यायचं, पुढची चाकं सोडवायची आणि हाफ क्लच द्यायचा. नेमके ढोलवाले कोपऱ्यावरच सगळ्यात जास्त रेंगाळतात.