नोंदवही संगणकावर नेण्यापूर्वी

धर्मग्रामाच्या नोंदी संगणकावर घ्याव्यात असा विषय पॅरिश कौन्सिलपुढे आला, की चर्चा बहुधा खर्चाकडे वळते. त्याआधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. या प्रणालीने नेमके काय करावयास हवे, आणि ते सांगण्याचा अधिकार कोणाचा? संगणकशास्त्रात या टप्प्यास गरजांचे संकलन व पडताळणी असे म्हणतात. आयबीएम कंपनीत ओएस/३६० या अवाढव्य कामाची धुरा वाहिलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९८६ साली असे मत मांडले होते, की सॉफ्टवेअर लिहिण्यापेक्षा काय लिहावयाचे हे अचूक ठरवणे अधिक अवघड असते.

हा टप्पा घाईत उरकला तर काय घडते, याचे बोलके उदाहरण लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचे आहे. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी तेथे नवी संगणकीय प्रणाली सुरू झाली. तोवर आलेला दूरध्वनी कागदी चिठ्ठीवर उतरवला जाई आणि कोणती गाडी पाठवावी हे अनुभवी कर्मचारी ठरवीत. आता ते संगणक ठरवणार होता. त्यासाठी प्रत्येक गाडी कोठे आहे व रिकामी आहे की नाही, याची माहिती त्याला सतत अचूक मिळत राहील असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात गाडीवरील माणसे घाईच्या प्रसंगी बटणे उशिरा किंवा चुकीच्या क्रमाने दाबीत, कधी नेमून दिलेली गाडी सोडून दुसरीच घेऊन निघत, आणि काही भागांत बिनतारी संदेश पोहोचतच नसे. एकाच रुग्णाकडे दोन गाड्या जाऊ लागल्या आणि सूचनांचा ढीग पडद्यावरून सरकून दिसेनासा झाला. दुसऱ्याच दिवशी अंशतः जुन्या पद्धतीकडे वळावे लागले. ४ नोव्हेंबरच्या पहाटे तर प्रणाली पूर्णच थांबली. हे शेवटचे थांबणे प्रोग्राममधील एका लहानशा चुकीमुळे होते. परंतु पहिल्या दोन दिवसांतील गोंधळाचे मूळ त्याआधीचे. १९९३ च्या चौकशी अहवालात स्पष्ट नमूद झाले, की गाडीवर काम करणाऱ्यांना गरजा ठरवण्याच्या कामात पुरेसे सहभागी करून घेतले गेले नव्हते.

आपल्या नोंदवहीवर कोणाचा जीव अवलंबून नसतो, हे खरे. तथापि लग्न ठरलेल्या तरुणाला बाप्तिस्म्याचा दाखला वेळेवर न मिळणे, किंवा दाखल्यावर चुकीची माहिती उतरणे, ही त्या घरापुरती लहान गोष्ट नव्हे.

गरजा गोळा करताना सॉफ्टवेअर करणाऱ्याच्या हाती बहुधा दाखल्याचा कोरा नमुना दिला जातो. त्यात नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्मपिता, धर्ममाता असे रकाने असतात. तो तितकेच रकाने करून देतो. त्याला दोष कसा द्यावा? नोंदवहीचा समास त्याला कोणी दाखवलेलाच नसतो. धर्मसभेच्या कायद्यातील ५३५ व्या कलमानुसार दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा आणि संन्यस्त जीवनातील कायमची व्रते यांची टीप बाप्तिस्म्याच्या नोंदीतच करावयाची असते. विवाह दुसऱ्या धर्मग्रामात झाला तर तेथून कळवणे येते आणि ती टीप मूळ वहीत चढते. विवाहेच्छू व्यक्ती मोकळी आहे की नाही, हे पाहण्याचा एक महत्त्वाचा आधार हा समासच असतो. वीस वर्षांनी येणाऱ्या टिपेला जागा नसलेली प्रणाली म्हणजे केवळ नावांची यादी होय.

म्हणून मुलाखती पुरेशा नाहीत. कारकुनाच्या शेजारी दोन-तीन दिवस बसून पाहावे. माणूस रोज जे करतो ते त्याला सांगण्याजोगे वाटत नाही. वसई भागात डाबरे, लोपीस, डिमेलो ही आडनावे एकेका गावात कितीतरी घरांची असतात. तेथे कारकून वडिलांचे नाव व आळी विचारतो, सांगितलेले साल न जुळल्यास पुढचीमागची पाने उलटतो, आणि घरी हाक मारायचे नाव वहीत नसणार हेही त्याला ठाऊक असते. हे सर्व ज्ञान कोठेही लिहिलेले नसते. (असा कारकून निवृत्त होण्यापूर्वीच ते लिहून घ्यावे, संगणक येवो वा न येवो.)

गोळा केलेली गरज तपासता येईल अशा शब्दांत लिहावी. ‘दाखला लवकर मिळावा’ हे वाक्य कोणालाही बांधत नाही. ‘नाव, वडिलांचे नाव व अंदाजे साल दिल्यास, साल पाच वर्षांनी चुकले तरी नोंद सापडावी’ हे बांधते.

गरजा परस्परविरोधीही निघतात. कार्यालयाला स्पेलिंगची चूक तेथल्या तेथे सुधारण्याची सोय हवी असते, तर मूळ नोंद पुसली जाऊ नये असा धर्मप्रांताच्या कचेरीचा आग्रह असतो. मला दुसरी बाजू योग्य वाटते. दुरुस्ती स्वतंत्र टीप म्हणून, तारीख व अधिकार नमूद करून व्हावी, आणि मूळ शब्द तसेच राहावेत. दत्तक मुलांच्या नोंदी कोण पाहू शकेल, हाही प्रश्न असाच नाजूक आहे. अशा बाबी सॉफ्टवेअर करणाऱ्याच्या सोयीवर न सोडता चॅन्सेलरांनी लेखी ठरवून द्याव्यात.

मग पडताळणी. लिहिलेल्या गरजा ज्यांनी सांगितल्या त्यांनाच वाचून दाखवाव्यात. ‘मी असे म्हटले नव्हते’ हे वाक्य याच वेळी ऐकलेले परवडते. पडद्यांची चित्रे साध्या कागदावर काढून कारकुनाला त्यांवर बोट ठेवून एक दाखला ‘तयार’ करावयास सांगावे. त्यानंतर जुन्या वह्यांतून पन्नास अवघड नोंदी निवडाव्यात: लॅटिन वा पोर्तुगीज भाषेतील, तारीख पुसट झालेल्या, वडिलांचे नाव नसलेल्या, समासात तीन टिपा असलेल्या. यांतील जी नोंद कागदावरील रकान्यांत बसत नाही तिच्यासाठी आराखडा बदलावा, आणि पन्नासही बसल्यानंतरच कंत्राटावर सही करावी.