स्कॅनमधला पांढरा डाग काय सांगतो?

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डन इथल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका महिलेच्या मेंदूचं सीटी स्कॅन झालं. रुग्णावर केलेलं जगातलं हे पहिलं सीटी स्कॅन. यंत्र बनवणारे गॉडफ्री हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते, ईएमआय कंपनीतले अभियंते होते. चित्र ८० बाय ८० ठिपक्यांचं, आजच्या मानाने फारच भरड; तरी त्यात गाठ स्पष्ट दिसली आणि शस्त्रक्रियेत ती तिथेच सापडली.

त्याआधी गाठ सहसा थेट दिसत नसे. वॉल्टर डँडी यांनी १९१८ साली मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढायची पद्धत आणली. पोकळी कुठल्या बाजूला ढकलली गेली आहे, यावरून गाठीचा अंदाज बांधायचा. त्यासाठी कवटीला भोकं पाडावी लागत.

आज सीटी आणि एमआरआयने तो छळ संपवला आहे. पण गाठ दिसली म्हणजे ती कसली हे कळलं, असं नाही. शिरेतून दिलेलं गॅडोलिनियमचं औषध निरोगी मेंदूत सहसा झिरपत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा जिथे फाटतो तिथे ते साचतं आणि तो भाग पांढरा चमकतो. पडदा कॅन्सर फाडतो, तसाच पू, क्षयाची गाठ आणि डुकरातल्या पट्टकृमीची अळीसुद्धा फाडते. चौघांचंही चित्र पांढऱ्या कड्यासारखं दिसू शकतं. आपल्या देशात तरुण माणसाला पहिल्यांदा फीट आली आणि स्कॅनमध्ये असं छोटं कडं दिसलं, तर क्षय आणि कृमी यांचा विचार आधी करावा लागतो. ते दोन्ही बहुतेकदा औषधांनी बरे होतात.

मग डॉक्टर त्याच यंत्राला वेगळे प्रश्न विचारतात. घट्ट पुवात पाण्याचे रेणू अडकून पडतात, म्हणून डिफ्यूजन चित्रात पू झळकतो. कॅन्सरच्या गाठीचा सडलेला मध्यभाग सहसा तसा झळकत नाही. स्पेक्ट्रोस्कोपीत रसायनांचं प्रमाण दिसतं, त्यात क्षयाच्या गाठीत चरबीचा उंचवटा ठळक असू शकतो.

लिम्फोमाची गोष्ट नातेवाइकांना माहीत असायलाच हवी. मेंदूतल्या या कॅन्सरवर मुख्य उपाय औषधांचा. गाठ पूर्ण काढायचा अट्टहास सहसा करत नाहीत, सुईने तुकडा तपासतात. पण सूज उतरावी म्हणून आधीच स्टेरॉइड सुरू केलं, तर ही गाठ काही दिवसांत विरघळल्यासारखी होते आणि तपासणीत निदान हुकू शकतं. स्कॅन पाहून लिम्फोमाची शंका आली आणि रुग्णाची प्रकृती तेवढी थांबू देत असेल, तर स्टेरॉइड लांबवणं हाच पहिला उपचार ठरतो.

गाठ काढायचीच असेल तर प्रश्न बदलतो: किती काढायची? सेइजी ओगावा यांनी १९९० साली दाखवलेल्या तत्त्वावर आधारलेला फंक्शनल एमआरआय बोलण्याची, हात हलवण्याची केंद्रं दाखवतो. ट्रॅक्टोग्राफी त्यांना जोडणारे तंतू. गाठ बोलण्याच्या केंद्राला लागून असेल, तर रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत ती काढतात. दोन भाषा बोलणाऱ्या माणसाच्या दोन्ही भाषा तपासून घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे. कवटी उघडली की मेंदू जागचा सरकतो आणि आधीचा नकाशा चुकू लागतो, म्हणून शस्त्रक्रिया चालू असतानाच एमआरआय किंवा अल्ट्रासाउंड करतात. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातल्या न्यूरोसर्जननी या अल्ट्रासाउंडवर मोलाचं काम केलं आहे.

सगळ्यात अवघड वळण पुढे येतं. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कॅन्सरात २००५ पासून किरणोपचारासोबत टेमोझोलोमाइड हे औषध देण्याची पद्धत रूढ झाली. किरणोपचार संपल्यावर पहिल्या तीन महिन्यांत कधीकधी एमआरआयमध्ये गाठ वाढलेली दिसते, घर हादरून जातं. पण काही रुग्णांत ती उपचारामुळे आलेली सूज असते आणि पुढे आपोआप ओसरते. घाईने औषध बदललं तर चालू असलेला गुणकारी उपचार सुटतो. अशा वेळी रक्तप्रवाह मोजणारा परफ्यूजन एमआरआय आणि अमिनो आम्लाचं पेट स्कॅन मदतीला येतात. नेहमीचं ग्लुकोजचं पेट इथे तोकडं पडतं, कारण निरोगी मेंदूही भरपूर साखर खातो. कधी काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करणं हेच उत्तर असतं.

आणि तरीही बहुतेक गाठींचं नाव तुकडा तपासूनच ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तर २०१६ पासून आयडीएचसारख्या जनुकांची तपासणीही आली आहे. अपवाद आहेत. पिट्युटरी ग्रंथीतली प्रोलॅक्टिनोमा ही गाठ रक्ततपासणी आणि एमआरआयवर ओळखून बहुधा गोळ्यांनीच आटोक्यात आणतात. वयस्क माणसात योगायोगाने सापडलेला, मेंदूच्या आवरणातला छोटा मेनिंजिओमा नुसता लक्षात ठेवून दरवर्षी पाहिला तरी पुष्कळदा चालतं.

घरात कुणाला ही वेळ आली, तर नुसता छापील रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ नका. पहिल्या स्कॅनपासूनच्या सगळ्या सीडी आणि फिल्म जपा, तारखेनुसार लावून न्या. स्टेरॉइड कधी सुरू झालं, किरणोपचार कधी संपले, हे कागदावर लिहून ठेवा. पेसमेकर असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर एमआरआयआधी सांगा. आणि सर्जन, रेडिऑलॉजिस्ट, कॅन्सरतज्ज्ञ एकत्र बसून ही चित्रं पाहतील का, हे न संकोचता विचारा.