विश्लेषण : लाँचमागे उडणारा ‘सीगल’ नेमका कुठला? त्याची वेगळी नोंद का हवी?
रे रोड, दारूखाना ते भाऊचा धक्का या बंदर पट्ट्यात हिवाळ्यात पांढरे-करडे पक्षी घिरट्या घालताना दिसतात. मुंबईकर त्यांना सरसकट ‘सीगल’ म्हणतात; मराठी नाव कुरव. याच थव्यात एखादा पाहुणा थेट उत्तर रशियातून आलेला असू शकतो.

हा पाहुणा कोण?
ह्यूग्लिनचा कुरव. जर्मन संशोधक थिओडोर फॉन ह्यूग्लिन यांचे नाव त्याला १८७६ मध्ये मिळाले. उन्हाळ्यात तो रशियाच्या टुंड्रा प्रदेशात जमिनीवर घरटे करतो. थंडीत दक्षिणेकडे निघालेले काही पक्षी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरतात.

ओळखायचा कसा?
मोठा आकार, गडद करडी पाठ, पिवळे पाय आणि पिवळ्या चोचीवर लाल ठिपका. सोबतचे काळ्या आणि तपकिरी डोक्याचे कुरव लहान असतात. त्यांची चोच व पाय लाल. हिवाळ्यात त्यांचीही डोकी पांढरी होतात, त्यामुळे नावावरून फसगत होते.

अडचण काय?
जागतिक लाल यादीत ह्यूग्लिनच्या कुरवाला स्वतंत्र स्थान नाही. तो ‘लेसर ब्लॅक-बॅक्ड गल’ या प्रजातीत धरला जातो आणि ती प्रजाती सध्या धोक्याबाहेर मानली जाते. म्हणजे उद्या फक्त ह्यूग्लिनचे पक्षी घटले, तरी ती घट एकूण आकड्यात झाकली जाऊ शकते.

जागा सुरक्षित आहे का?
ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला. पण अभयारण्य ऐरोली आणि वाशी पुलांदरम्यान आहे. रे रोड-शिवडीचा किनारा त्याबाहेर राहतो. इथे गोदी आहे, दारूखान्यात जुनी जहाजे तोडली जातात आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतूही शिवडीतूनच सुरू होतो.

तुम्ही काय करू शकता?
* लाँचमधून शेव-गाठिया टाकू नका. तेलकट, खारट फरसाण हे या पक्ष्यांचे अन्न नाही.
* फोटो तारीख आणि ठिकाणासह ‘ई-बर्ड’वर नोंदवा. ओळखीची खात्री असेल, तर ‘ह्यूग्लिन’ हा वेगळा पर्याय निवडा.
* पायात क्रमांकाची कडी दिसली, तर फोटो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा.
* दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत सहभागी व्हा.