दूरस्थ कार्यपद्धती आणि व्यवस्थापकाची जाचक वागणूक : एक विवेचन

प्रस्तावना :
मुंबई-नागपूर लोहमार्गावरील धामणगाव रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावातील पदवीधरांना संगणक क्षेत्रातील नोकरीसाठी बहुधा पुणे, मुंबई किंवा नागपूर गाठावे लागते. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाल्यावर महानगरांतील अनेक नोकरदार गावी परतून घरूनच काम करू लागले. कार्यालय दूर राहिले, तरी व्यवस्थापकाचा अधिकार मात्र थेट घरात पोहोचला. जाचक व्यवस्थापकाला तोंड देताना या बदलाचा कोणता परिणाम होतो, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

अंतराचे दुहेरी परिणाम :
दूरस्थ कामात चारचौघांत होणारा पाणउतारा टळू शकतो. परंतु धीर देणारे आणि प्रसंगी साक्ष देणारे सहकारीही शेजारी नसतात. काम डोळ्यांसमोर होत नसल्याने संशयी व्यवस्थापक वारंवार विचारणा करतो आणि कामाच्या वेळेची मर्यादा पुसट होते. खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलेले, कार्यालयीन वेळेनंतर संपर्क नाकारण्याच्या हक्कासंबंधीचे खासगी विधेयक कायद्यात रूपांतरित झाले नाही.
याउलट, तोंडी हुकुमाची जागा ई-मेल व संदेशांनी घेतल्यामुळे लेखी पुरावा आपोआप तयार होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार विहित प्रमाणपत्रासह अशा इलेक्ट्रॉनिक नोंदी ग्राह्य ठरतात. दूरध्वनीवरून मिळालेल्या आदेशाची त्याच दिवशी ई-मेलने खातरजमा करून घेणे म्हणूनच हितावह होय.

तक्रारीचा मार्ग :
औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे तीनुसार आवश्यक आहे. समितीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात आणि वादाचे कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो. मात्र व्यवस्थापकीय स्वरूपाचे काम करणारा कर्मचारी ‘कामगार’ या व्याख्येत मोडत नाही, ही या तरतुदीची मर्यादा होय.

निष्कर्ष :
अंतरामुळे जाच नाहीसा होत नाही. त्याचे स्वरूप बदलते. कर्मचारी एकाकी पडतो, पण पुरावा त्याच्या हाती राहतो. त्या पुराव्याचा उपयोग मुदतीत केला तरच त्याला अर्थ आहे. म्हणून महाविद्यालयांनी मुलाखतीच्या तयारीबरोबरच नियुक्तिपत्राचे वाचन, नोंदी जतन करणे आणि तक्रारीची रीत यांचेही मार्गदर्शन विद्यार्थ्यांना करणे अगत्याचे आहे.