रात्र काळी का असते?

मागच्या व्याख्यानानंतर एका शाळकरी मुलीनं विचारलं, "सर, रात्री अंधार का असतो?" मी म्हणालो, सूर्य मावळतो म्हणून. ती म्हणाली, "पण तारेही सूर्यच ना?" मी गप्प!

बघा, दाट रानात कुठंही पाहा, नजर कुठल्या ना कुठल्या बुंध्यावर अडतेच. विश्व अनंत असेल, ताऱ्यांनी भरलेलं आणि अनादि काळापासून तसंच असेल, तर प्रत्येक दिशेला नजर ताऱ्यावरच टेकायला हवी. सगळं आकाश सूर्यासारखं तळपायला हवं. ओल्बर्स या जर्मन वैद्यानं १८२३ मध्ये हा पेच मांडला. प्रकाश वाटेत कुठंतरी शोषला जात असेल, असं त्याला वाटलं. पण ते टिकत नाही. शोषणारा पदार्थही तापून तेवढाच चमकू लागेल.

खरी दिशा दाखवली ती एका साहित्यिकानं, एडगर ॲलन पो यानं, १८४८ मध्ये: फार दूरचा प्रकाश अजून आपल्यापर्यंत पोचलेलाच नाही. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. तेवढ्या काळात येऊ शकला तेवढाच उजेड आपल्याला दिसतो. (विश्व प्रसरण पावतंय, त्यानंही तो फिका पडतो, पण ते कारण दुय्यम.)

विश्व अनादि आहे, असं मी वर्गात वर्षानुवर्षं किती सहज बोलून जायचो! आणि रोज रात्री घरी जाताना डोक्यावर तो अंधार होताच की. मुलीला हे सांगितलं, तर म्हणते, "मग त्याआधी काय होतं?" ते पुढच्या वेळी घेऊ.