लोकगीत, गिटार आणि गाण्यातला ‘मी’

आजचा विषय ऐकायला हलकाफुलका वाटेल, पण तसा तो नाही. हल्ली पुष्कळ लोक, त्यात नोकरीतून निवृत्त झालेलेही आले, संध्याकाळी गिटार घेऊन बसतात आणि जुनी लोकगीतं म्हणतात. कार्यक्रमासाठी नाही, रेकॉर्डिंगसाठी नाही, स्वतःसाठी. का म्हणता असं विचारलं, की उत्तर येतं, ‘मन मोकळं होतं.’

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे थोडं थांबायला हवं. शब्द तुमचे नाहीत. चाल तुमची नाही. गाण्यातली हकिगत तुमच्यावर गुदरलेली नाही. मग मोकळं होतं ते तुमचं मन कसं? दुसऱ्याच्या शब्दांतून आपली अभिव्यक्ती होते, म्हणजे नेमकं काय होतं?

आज आपण या एकाच प्रश्नाच्या मागे जाऊ. उदाहरणं बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतली घेऊ, कारण लोकगीत आणि गिटार यांची जोडी तिथे जमली आणि तिच्या नोंदीही झाल्या. मधे एकदा आपल्या जात्यापाशी येऊ. तिथे आल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

आधी दोन विचारवंतांचं म्हणणं पाहू. पहिला टॉलस्टॉय. त्याचं ‘कला म्हणजे काय?’ हे पुस्तक १८९८चं. साने गुरुजींनी ते मराठीत आणलं. टॉलस्टॉयच्या मते कला म्हणजे भावनेचा संसर्ग. एकाने भावना अनुभवली, ती सूर, शब्द, रेषा यांतून दुसऱ्यापर्यंत पोचवली आणि दुसऱ्याला तिची लागण झाली, की कला घडली. या पुस्तकात त्याने एक प्रसंग दिलाय. तो खिन्न मनाने घरी परतत होता. त्याची लग्न झालेली मुलगी माहेरी आली होती आणि गावातल्या शेतकरी बायका तिच्या स्वागताला विळे बडवत, मोठ्याने गात होत्या. ते ऐकून त्याचं मन एकदम उल्हसित झालं. त्याच संध्याकाळी घरी एका निष्णात वादकाने बेथोव्हनचा सोनाटा वाजवला. लोकांनी वाहवा केली. टॉलस्टॉय म्हणतो, खरी कला त्या बायकांची. माहेरवाशिणीसाठी गाणाऱ्या बायका म्हटल्यावर आपल्याला हे लगेच पटतं.

पण आपला प्रश्न याने सुटत नाही. एकटा माणूस खोलीत बसून गातोय. लागण कुणाला व्हायची?

म्हणून दुसरा विचारवंत, रॉबिन कॉलिंगवुड. ऑक्सफर्डचा प्राध्यापक, ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’ हे त्याचं पुस्तक १९३८ साली आलं. तो म्हणतो, भावना आधी तयार असते आणि मग आपण ती बाहेर काढतो, हे चित्रच चुकीचं आहे. सुरुवातीला माणसाला एवढंच जाणवतं की आत काहीतरी चाललंय. काय ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. अभिव्यक्ती म्हणजे ते काय आहे याचा शोध. ती आधी स्वतःसाठी असते, श्रोता नंतरचा. मन मोकळं होतं ते काही बाहेर फेकलं म्हणून नाही, तर जे अंधुक होतं ते स्पष्ट झालं म्हणून.

बरं, कॉलिंगवुड मानला तर अडचण वाढते की हो! शोध माझा, पण शब्द तर आयते. आयत्या कपड्यात शिंप्याचं काम काय उरलं?

आता एका गाण्याची गोष्ट पाहू. ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे इंग्रजी लोकगीत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. न्यू ऑर्लीन्स शहरातलं एक घर आणि त्यापायी बरबाद झालेलं एक आयुष्य, असा त्याचा विषय. कर्ता अज्ञात. १९३३ साली टॉम अ‍ॅशली आणि ग्वेन फॉस्टर यांनी ते ध्वनिमुद्रित केलं. १९३७ साली लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन केंटकी राज्यातल्या मिडल्सबरो गावी पोचले. तिथे जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने त्यांना हे गाणं म्हणून दाखवलं. खाणकामगाराच्या घरातली मुलगी; न्यू ऑर्लीन्स तिथून शेकडो मैल दूर. तरी गाण्यातली पस्तावलेली बाई ‘मी’ म्हणून बोलते आणि टर्नरही ‘मी’च म्हणते.

पुढे १९६१ साली वीस वर्षांच्या बॉब डिलनने ते आपल्या पहिल्या रेकॉर्डसाठी गायलं. तो पुरुष, पण गाण्यातली बाई त्याने बाईच ठेवली. १९६४ साली ‘द अ‍ॅनिमल्स’ या इंग्लिश वाद्यवृंदाने बाईचा मुलगा केला आणि तेच रूप जगभर गाजलं. आता सांगा, गाण्यातला ‘मी’ कोण? टर्नर? डिलन? की न्यू ऑर्लीन्सची कुणी अनामिक बाई?

उत्तर असं, की लोकगीतातला ‘मी’ ही कुणा एका व्यक्तीची सही नसते. ती एक जागा असते, गाणाऱ्याने येऊन उभं राहायची.

हे आपल्याला परकं नाही. जात्यावरची ओवी आठवा. ओवीत भावाचं नाव येतं, लेकाचं येतं. दळणारी बाई त्या जागी स्वतःच्या भावाचं, स्वतःच्या लेकाचं नाव घालते. ओवी आईकडून, सासूकडून आलेली, नाव आपलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवून घेतल्या. त्या वाचताना दिसतं, की एकच कल्पना कितीतरी बायकांच्या तोंडी थोड्या थोड्या फरकाने येते. प्रत्येकीने थोडं बदललंय आणि प्रत्येकीला ती आपली वाटलीय. सासुरवाशिणीला जे उघड बोलता येत नव्हतं ते ओवीत बोलता येत होतं, कारण शब्द परंपरेचे होते. कुणी हटकलं तर ती म्हणू शकत होती, ‘ओवी आहे हो, मी कुठे काय म्हटलं?’

बघा, आयते शब्द इथे अभिव्यक्तीच्या आड आले नाहीत. त्यांनीच तिला आडोसा दिला. आपल्या दुःखावर थेट बोट ठेवणं जड जातं. गाण्यातल्या ‘मी’च्या जागी उभं राहिलं, की त्याच दुःखाकडे जरा अंतरावरून बघता येतं, आणि अंतर मिळालं की ते स्पष्ट दिसतं. कॉलिंगवुडचा शोध दुसऱ्याच्या शब्दांतूनही होतो, तो असा.

इंग्लंडचे लोकगीत-संग्राहक सेसिल शार्प यांनी १९०७ साली लोकगीत घडण्याची तीन तत्त्वं मांडली : सातत्य, बदल आणि निवड. गाणं पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, हे सातत्य. गाणारा त्यात कळत-नकळत फरक करतो, हा बदल. आणि त्यातला कुठला फरक पुढे न्यायचा ते समाज ठरवतो, ही निवड. यातलं मधलं तत्त्व नीट लक्षात घ्या. बदल समाज करत नाही. एकेक गाणारा करतो. म्हणजे वैयक्तिक अभिव्यक्ती परंपरेच्या विरोधात नसते. ती नसेल तर परंपरा जागच्या जागी गोठेल. शिंप्याचं काम काय उरलं, हे आपण विचारलं होतं. उत्तर : कपडा आयता असला, तरी तो आपल्या अंगाला बसवून घ्यावा लागतो.

हे ‘बसवणं’ गिटारवर कसं होतं? आता जरा हाताच्या कामाकडे येऊ.

अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन डोंगरातले जुने गायक कथागीतं बहुधा साथीशिवाय, मुक्त लयीत गात. गिटार त्या भागात उशिरा रुजली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानांच्या कॅटलॉगमधून स्वस्त गिटारी घरोघर जायला लागल्या. आणि गिटार आली की दोन गोष्टी होतात. एक, हात ठराविक ठेका धरतो आणि मुक्त लय त्यात कोंबली जाते. दोन, कॉर्ड आली की सुराखाली एक पक्कं मत येतं : हा भाग आनंदाचा, हा दुःखाचा. मूळ चाल कदाचित दोन्हीच्या मधे असते. शिवाय गिटारचे पडदे पक्के. गळा दोन पडद्यांच्या मधेही जातो.

चांगल्या वादकांनी या अडचणींतून वाटा काढल्या. कार्टर कुटुंबाने १९२७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टल गावी पहिली ध्वनिमुद्रणं केली. त्यांच्यातली मेबेल कार्टर अंगठ्याने खालच्या सुरांच्या जाड तारांवर चाल वाजवायची आणि तर्जनीने वरच्या तारा झटकून ठेका धरायची. म्हणजे गिटार नुसती साथ देत नव्हती, तीही गात होती. एलिझाबेथ कॉटन डावखुऱ्या होत्या. उजव्या हाताची गिटार त्यांनी तशीच उलटी धरली; त्यामुळे अंगठ्याकडे चाल आली आणि बोटांकडे खर्जाच्या तारा. त्यांच्या वादनाची खास ढब यातूनच तयार झाली.

इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तारा लावण्याची एक निराळी पद्धत रूढ केली. आपल्या भाषेत सांगायचं तर सहा तारा सा-प-सा-म-प-सा अशा लावायच्या. यात गंधारच नाही, ना शुद्ध ना कोमल. त्यामुळे गिटार आधीच मत देऊन बसत नाही. गळ्याला हवा तो गंधार लावता येतो. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला ही पद्धत लगेच जवळची वाटेल. ज्यांना ओवी गिटारवर म्हणून पाहायची आहे त्यांनी तीन-चार कॉर्ड शोधण्याआधी नुसते सा-प छेडत म्हणून पाहावी. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याला बांधलेली असते. जातं नसेल तर तो फेरा आपल्या उजव्या हाताला सांभाळावा लागतो.

आता वेगळा मुद्दा, आणि तो टाळून चालणार नाही. गाण्यातली जागा सगळ्यांना मोकळी असली, तरी ती जागा कुणीतरी राखलेली असते.

‘रायझिंग सन’कडेच परत जाऊ. डेव्ह व्हॅन राँक या गायकाने त्या गाण्याला उतरत जाणाऱ्या खर्जाच्या सुरांची नवी बांधणी दिली होती. डिलनने तीच उचलून आपल्या रेकॉर्डवर घेतली. पुढे लोक व्हॅन राँकलाच म्हणायला लागले, ‘ते डिलनचं गाणं म्हणा ना.’ त्याने ते गाणं सोडलं. नंतर ‘अ‍ॅनिमल्स’ची रेकॉर्ड गाजल्यावर तीच पाळी डिलनवर आली. हा किस्सा व्हॅन राँकनेच सांगितलेला आहे. आणि ‘अ‍ॅनिमल्स’च्या रेकॉर्डवर काय छापलं होतं? पारंपरिक, संयोजन अ‍ॅलन प्राइस. वादक पाच, पण संयोजनाचं मानधन एकाला. जॉर्जिया टर्नरचं नाव तर तिथे नव्हतंच. लोमॅक्स यांनी मात्र १९४१च्या आपल्या पुस्तकात ते नोंदवलं होतं.

‘पारंपरिक’ या शब्दाने असं होतं. गाणं सगळ्यांचं म्हटलं, की ते जपणारी माणसं कुणाचीच राहत नाहीत. ओवीचंही तेच. ज्या बायकांनी पहाटे उठून दळण दळलं त्यांचे कष्ट आपल्याला ठाऊक नाहीत, आणि गिटार घेऊन खुर्चीत बसल्याने ते ठाऊक होणारही नाहीत. मग आपल्याला ते गाण्याचा अधिकार नाही का? आमचं मत असं : गाण्याचा आहे, दाव्याचा नाही. त्या ‘मी’च्या जागी आपण आपलं दुःख घेऊन उभं राहावं. त्या बायकांचं दुःख आपण भोगलं असं म्हणू नये. गाणं कुणाकडून मिळालं ते ठाऊक असेल तर नाव घ्यावं. आणि त्यातून पैसा मिळत असेल, तर त्या माणसांकडे काही परत जायला हवं. स्वतःपुरतं गाणाऱ्याला पैशाचा प्रश्न येत नाही. नाव आठवण्याचा येतोच.

शेवटी थोडं व्यवहाराचं. गाणं आधी गिटार बाजूला ठेवून म्हणा, निदान आठ दिवस. गळा कुठे थांबतो, कुठल्या शब्दावर रेंगाळतो ते बघा. मग कॅपो लावून पट्टी गळ्याला सोयीची करा. गळा गिटारच्या पट्टीला ओढू नका. गळा थांबतो तिथे हातालाही थांबू द्या. चार आवृत्त्या ऐका, म्हणजे त्यातली एकच खरी हा समज जाईल. एखादं कडवं तुमच्या तोंडी बसत नसेल तर सोडा. आधीच्या लोकांनीही सोडलेली आहेत. आणि एखाद्या ओळीपाशी रोज घसा दाटत असेल, तर ती ओळ सोडू नका. कॉलिंगवुड ज्या शोधाबद्दल बोलतो तो बहुधा तिथेच सुरू होतो.

आज जातं घरोघर राहिलं नाही, म्हणून ओवीचं रोजचं काम संपलं. आता या गाण्यांना दोनच जागा उरतील की काय, अशी भीती वाटते : संग्रहालयाचं कपाट आणि कार्यक्रमाचा मंच. कपाटात बदल होत नाही. मंचावर निवड टाळ्यांवरून होते. एकट्याने, कुणी ऐकत नसताना, आपल्या गरजेपोटी गाणं म्हणणारा माणूस ही तिसरी जागा आहे, आणि लोकगीत मुळात तिथलंच. म्हणून अशा माणसाला आम्ही केवळ हौशी म्हणणार नाही. त्याच्या हातून गाण्याचं जुनंच काम पुढे चालू राहतं.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर पाठवा.