दिवा विझत नाही, मंदावतो

मतदान यंत्रावर बटण दाबले की उमेदवारासमोर लाल दिवा लागतो. ही यंत्रे बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स (स्थापना १९५४) आणि हैदराबादची ईसीआयएल बनवतात. निवडणूक आयोग यंत्राचे आयुष्य १५ वर्षे धरतो. लाल दिवा एलईडी असतो आणि प्रत्येक मताला काही क्षणच पेटतो, म्हणून तो यंत्राआधी थकण्याची शक्यता फारच कमी.

एलईडी सहसा बल्बसारखा एकदम जात नाही, हळूहळू मंद होतो. त्यामुळे प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ हे त्याचे आयुष्य मानतात. चांगल्या दिव्यांत ते सुमारे ५०,००० तास, म्हणजे अखंड पेटता ठेवला तर साडेपाच वर्षांहून अधिक. उष्णता आणि जादा विद्युतप्रवाह ते घटवतात.

घरातला एलईडी बल्ब लवकर गेला, तर आधी संशय घ्यावा आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर. त्यातला द्रव उष्णतेने सुकत जातो. ढोबळ नियम असा: तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास चालतो. बंद शेडमधला बल्ब म्हणूनच लवकर मरतो. हवा खेळती ठेवा.